चिंगीच्या पोटातली वाळू

१

रविवारी सकाळी साडेनऊला अमरसिंह अण्णांच्या बैठकीत माझ्यासमोर स्टीलचं ताट ठेवलं गेलं. ताटात पाल होती, मेलेली.

पंचवीस वर्षं मी जनावरांचा डॉक्टर आहे. वडवणीच्या आसपासच्या म्हशींच्या पोटातून मी खिळे काढलेत, प्लास्टिकच्या पिशव्या काढल्यात, एकदा तर जोडवंही काढलंय. पण पालीसाठी जीप पाठवून मला सुट्टीच्या दिवशी उचलून आणण्याची ही पहिलीच वेळ. माणूस मेला तर अण्णा निरोप पाठवतात. पाल मेली म्हणून जीप आली.

पाल भिंतीवरची नव्हती. वीतभर लांब, पिवळी, अंगभर काळे ठिपके, शेपूट मुळ्यासारखं जाड. अण्णांची मुलगी वैष्णवी पुण्याला शिकते. तिनं ती तिथं विकत घेतली, होस्टेलवर ठेवू देईनात म्हणून दिवाळीत घरी आणली. बैठकीच्या कोपऱ्यात तिची काचेची पेटी होती, खाली ऊब द्यायला विजेची गादी. पालीचं नाव चिंगी.

"हिनं मारली," रात्रीच्या गाडीनं पुण्याहून आलेली वैष्णवी रडत म्हणाली. "मी हिच्या भरवशावर ठेवून गेले होते."

दाराशी मनिषा उभी होती. वय अठरा. शिरूर कासारकडची. आईबाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला गेलेले. ही इथं धुणंभांडी करून, स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत राहून बारावी करत होती. परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती.

"संध्याकाळी पाचला मुकादमाची पिकअप स्टँडवरून जाणार हाय," अण्णांच्या बायको गीताबाई म्हणाल्या. "तिच्यात बसवून द्या. आईबापाकडं जाऊ दे. असली निष्काळजी पोरगी मला घरात नको."

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. "डाक्टरसाहेब, फाडून बघा आन् काय ते सांगा. उगा कुणावर आळ नको."

मनिषा माझ्याकडं बघत राहिली. मी पालीचं पोट बोटानं दाबलं. आत काहीतरी करकरलं.

२

मागच्या पडवीत वर्तमानपत्र पसरून मी चिंगीला उघडलं. आतडं गच्च भरलेलं होतं. अर्धा चमचा तरी वाळू निघाली.

मी उठून पेटीजवळ गेलो. पेटीत कागद अंथरलेला होता. वाळूचा एक कण नव्हता.

"खाली कायम कागदच असतो का?" मी वैष्णवीला विचारलं.

तिनं डोळे पुसले आणि पेटीच्या काचेला चिकटवलेला कागद दाखवला. इंग्रजीत टाइप केलेली यादी होती. पाल आणण्याआधी पोरीनं महिनाभर अभ्यास केला होता, तेवढं मान्य करायला हवं. पेटीत खाली काय घालावं, यावर तिनं वही भरली होती. दुकानदारानं तिला रंगीत वाळू दाखवली, नारळाचा काथ्या दाखवला, लाकडाचा भुसा दाखवला. सगळं तिनं नाकारलं.

"ती किड्यावर झडप घालते ना सर, तेव्हा खालचं पण तोंडात जातं. कागद असला तर काही जात नाही. वाळू असली की प्रत्येक घासाला थोडी थोडी पोटात साठते. भुशाचंही तेच. फरशी चालते, पण थंडीत ती गार पडते. म्हणून कागद. मनिषाला मी दहा वेळा समजावलं होतं."

"मग वाळू टाकली तर पाल मरेल, हे मनिषाला माहीत होतं?"

"एकदम नीट माहीत होतं."

हे ती मनिषाच्या विरोधात बोलत होती. मला ते मनिषाच्या बाजूचं वाटलं, पण अजून काही म्हणता येत नव्हतं. माहीत असलेला माणूस एकतर वाळू टाकणार नाही, नाहीतर मुद्दाम टाकेल.

मी वाळू पाण्यात टाकून बघितली. पाणी गढूळ झालं नाही. अंगणात कंपाउंडच्या बांधकामासाठी वाळूचा ढीग होता. त्यातली मूठभर आणून दुसऱ्या वाटीत टाकली. ते पाणी चहासारखं झालं. म्हणजे पालीच्या पोटातली वाळू कुणीतरी आधी चाळली होती आणि दोन-तीनदा धुतली होती.

ज्याला मारायचंय तो वाळू धुवत बसत नाही. ती धुणाऱ्याला पालीची काळजी होती.

३

मनिषाला मी पडवीतच बोलावलं. ती पायरीवर बसली नाही, उभीच राहिली.

"केव्हा बिघडली पाल?" मी विचारलं.

"मी शिबिराहून आले तवापासून, सर. कॉलेजचं सात दिवसांचं शिबिर हुतं, सोमवार ते रविवार. आज आठ दिवस झाले परत येऊन. आले तर किडे खाईना, घाण करंना. मी ताईला फोन केला. ताई म्हणली, थंडीनं असंल, कोमट पाण्यात बसव. रोज दोनदा बसवत हुते. पोट चोळत हुते. काल रात्री गेली."

"शिबिराला जाताना पेटीत काय घातलं होतंस?"

"कागद. सात थर." तिच्या आवाजात पहिल्यांदा जीव आला. "रोज कोण कागद बदलणार? म्हणून मी पेटीच्या मापाच्या घड्या घालून सात कागद एकावर एक ठेवले. कोपऱ्यात पेनानं वार लिहिला. सोम वर, रवि तळाला. वरचा घाण झाला की वढायचा, खालचा तयार. डायवर बंकटदादाला दाखवून गेलते."

पोरगी हुशार होती. तिला नर्सिंगला जायचं होतं, असं ती बोलता बोलता म्हणाली. मी विचारलं, पिकअपमध्ये बसवलं तर काय होईल? ती हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं.

"ऊसतोडीला एकट्या बाईचा कोयता धरत न्हाईत, सर. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाच्या टोळीत अजिनाथ म्हणून हाय. त्याला बायको न्हाई, म्हणून त्याचा कोयता अर्धाच हाय. आईनं लई दिवस थोपवून धरलंय. परीक्षा हाय, परीक्षा हाय म्हणून. मी तिथं दिसले की संपलं."

"तू परत आलीस तेव्हा वाळू होती?"

"वाळू?" ती एक पाऊल पुढं आली. "कोणी वाळू टाकली हुती?"

४

गीताबाईंनी मला चहा दिला आणि न विचारता सांगून टाकलं की त्यांना पाल मेल्याचं काडीचं दुःख नाही.

"घरात पाल पाळतात का कुठं? अंगावर पडली तर डोक्यावरनं आंघोळ करावी लागती. पण पोरीचा हट्ट. मी पेटीला बोट लावलं न्हाई. मनिषा न्हाई तवा बंकट बघत हुता."

"पेटीत वाळू कधी बघितलीत?"

"हुती की. साहेब आले त्या दिवशी."

मी कप खाली ठेवला. साहेब म्हणजे अण्णांचे वरचे नेते. अण्णांना हवं असलेलं जिल्हा परिषदेचं तिकीट त्यांच्या हातात. शिबिराच्याच आठवड्यात, गुरुवारी, ते अण्णांकडे चहाला आले होते.

"पिवळी पाल, खाली पांढरी सफेद वाळू, लई उठून दिसत हुती," गीताबाई सांगत होत्या. "साहेब खूश. त्यांच्या लोकांनी डबाभर किडे टाकले, ती उड्या मारून धरती म्हणून. सगळे मोबाइलवर काढत हुते. वाळू मनिषानंच टाकली असंल जाताना. दुसरं कोण करतंय?"

डबाभर किडे. प्रत्येक किड्याबरोबर वाळूचा घास. चिंगीला त्या दिवशी सगळ्यांनी मिळून, टाळ्या वाजवत मारलं होतं.

पण वाळू टाकली कुणी? मनिषानं जाताना टाकली असती तर कागद वापरलेच गेले नसते. मी पेटीखालचा खण उघडला. किड्यांच्या डब्यामागं चार कागद घडी करून ठेवलेले होते. कोरे करकरीत, कोपऱ्यात निळ्या पेनानं लिहिलेलं: गुरु, शुक्र, शनि, रवि. कुठल्यातरी रंगीत पुरवणीची गुळगुळीत पानं होती, हार, फेटे, हात जोडलेले फोटो. मी वार बघत होतो, बाकी काही बघितलं नाही.

म्हणजे सोमवार आणि मंगळवार कागद नीट ओढला गेला. बुधवारी काहीतरी झालं. बुधवारचा कागद वर आला आणि कुणीतरी अचानक सगळेच कागद काढून वाळू धुवायला बसलं.

बंकट अण्णांचा ड्रायव्हर, कार्यकर्ता, सगळंच. चाळिशीचा, गळ्यात पक्षाचा पंचा. मी विचारल्यावर तो जीप पुसायला लागला.

"मी किडे टाकले, डाक्टर. कागद वढला. बाकी मला काय म्हाईत न्हाई."

"बुधवारी काय झालं बंकट?"

त्याचं फडकं थांबलं. "बुधवारी? काय न्हाई," तो म्हणाला, आणि पुसलेली काच पुन्हा पुसायला लागला.

५

दुपारी मी भिंग आणायचं निमित्त करून त्याच्याच जीपनं दवाखान्यात निघालो. भिंगाची गरज नव्हती. बंकटला गाडीत एकट्याला गाठायचं होतं. पोलिसांना जे जमत नाही ते मला जमतंय, या विचारानं मला बरं वाटत होतं, हे इथं लपवत नाही.

रस्त्यात त्यानं तंबाखूच्या पुडीसाठी डॅशबोर्डचा कप्पा उघडला. पुडीखाली प्लास्टिकच्या पिशवीत कागदाची घडी होती. मी हात घालून ती काढली. तो "डाक्टर, ते ठेवा," म्हणाला, पण तोवर मी उलगडली होती.

साहेबांच्या वाढदिवसाची पुरवणी. पानभर फोटो, वर शुभेच्छा, खाली अण्णांचा हात जोडलेला छोटा फोटो. कागद पाण्यानं पुसून, इस्त्री करून ठेवलेला होता. तरी साहेबांच्या गालावर पिवळट डाग राहिला होता. कोपऱ्यात लिहिलं होतं: बुध.

बंकटनं जीप बाजूला घेतली.

"आता काय सांगू तुमाला. मंगळवारचा कागद वढला आन् खालून साहेब निघाले. बुधवारी संध्याकाळी बघतो तर ती पाल एकाच कोपऱ्यात घाण करती ना, तो कोपरा नेमका साहेबांच्या तोंडावर. दुसऱ्या दिशी साहेब घरी येणार! माझ्या अंगाला काटा आला. वढून काढला, तर खाली परत साहेब. त्याच्या खाली परत साहेब. पोरीनं सगळी पुरवणीच अंथरलती."

"मग दुसरं वर्तमानपत्र घालायचं."

"कोणतं? सांगा ना. मी रद्दीचा गठ्ठा सोडला. प्रत्येक पानावर कोणतरी हायच. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड. साहेबांसोबत कोण येईल सांगता येतं का? त्याचंच तोंड खाली निघालं म्हंजे? वाळूवर कुणाचं तोंड नसतंय डाक्टर. टीव्हीवर बघितलं हुतं मी, असल्या पाली वाळवंटातच राहतात. तीनदा धुतली. तिला टोचू नये म्हणून पिठाच्या चाळणीनं चाळली."

"काचेवर वैष्णवीनं लिहिलेलं होतं."

"इंग्रजीत हाय ते. मला काय कळतंय?" त्यानं पंच्यानं तोंड पुसलं. "पोरगी येयाच्या आधी रविवारी काढून टाकली, साहेब गेलते म्हणून रद्दीतला कागद घातला. आन् तो फोटो कचऱ्यात कसा टाकायचा, म्हणून धुऊन ठेवला."

मी घड्याळ बघितलं. साडेतीन वाजले होते. "चल परत. हे सगळं अण्णांना सांगू. पोरगी वाचेल."

बंकटनं स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. "डाक्टर, एवढं ऐका. हे उघडं करू नका. ह्यानं कुणाचंच भलं हुणार न्हाई. पोरीचं तर न्हाईच न्हाई."

मला तो भित्रा वाटला. स्वतःची कातडी वाचवायला पोरीचं नाव पुढं करतोय, असं मी त्याला तोंडावर म्हणालो. त्यानं जीप वळवली.

६

बैठकीत आलो तर वातावरण निवळलेलं होतं. वैष्णवीनं जेवण केलं होतं. अण्णा तक्क्याला टेकून बसले होते.

"जाऊ द्या डाक्टर," ते म्हणाले. "पाल ती पाल. दुसरी आणू. मनिषा, ताईच्या पाया पड, चुकी झाली म्हण, आन् परीक्षा होस्तोवर ऱ्हा. पुढचं पुढं."

गीताबाईंनी तोंड वाकडं केलं, पण हरकत घेतली नाही. मनिषा पुढं आली आणि वैष्णवीच्या पायाशी वाकली.

"थांब," मी म्हणालो. "चूक तिची नाहीच."

आजही मला तो स्वतःचा आवाज आठवतो. सभेत बोलावं तसा होता. मी सगळं क्रमानं मांडलं. पोटातली वाळू, धुतलेली, म्हणून मारणारा वैरी नव्हे. मनिषाला वाळूचा धोका माहीत, शिवाय ती शिबिरात. सोमवार-मंगळवारचे कागद वापरले गेले, म्हणजे ती गेल्यानंतर दोन दिवस पेटीत वाळू नव्हती. गुरुवारपासूनचे चार कागद कोरे, म्हणजे वाळू बुधवारी पडली. बुधवारी पेटी बंकटच्या ताब्यात. आणि बंकटनं कागद का काढला, तर हे बघा. मी प्लास्टिकच्या पिशवीतून साहेबांना काढून टेबलावर पसरलं.

मी वाहवा मिळेल म्हणून थांबलो होतो, असंच म्हणायला हवं.

अण्णा पुढं झुकले. त्यांनी त्या पिवळ्या डागाकडं बघितलं, मग खाली स्वतःच्या छोट्या फोटोकडं.

"म्हंजे माझ्या घरात," ते हळू म्हणाले, "साहेबांच्या तोंडावर पाल घाण करत हुती?"

"अण्णा, मुद्दा तो नाही. मुद्दा वाळूचा—"

"वाळू मसणात गेली. तिकिटाची यादी ह्या आठवड्यात लागती. विरोधकांना हे कळलं तर? बैठकीत, सगळ्या गावासमोर, साहेबांचा फोटो पालीच्या बुडाखाली?" त्यांनी मान वर केली. "कागद कुणी अंथरलता?"

पाच मिनिटांपूर्वी, थरांच्या हुशारीचं कौतुक करत, ते मीच सांगून बसलो होतो.

"मला ध्यानात आलं न्हाई, अण्णा," मनिषा म्हणाली. "रद्दीत हुती. कागद जाड हुता, वलावत नव्हता, म्हणून..."

"ध्यानात आलं न्हाई! साहेबांचं तोंड ध्यानात आलं न्हाई?"

"पप्पा, पण चिंगीला तर तिनं..." वैष्णवी म्हणाली.

"तू गप. तुझ्या पालीपायी हे झालंय." अण्णा बंकटकडं वळले. मला वाटलं, आता ह्याला चपराक बसणार. अण्णांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "ह्याला म्हणतात माणूस. फोटो धुऊन, इस्त्री करून ठेवला की त्यानं. तोंडातनं शब्द काढला न्हाई."

बंकटनं मान खाली घातली. तो माझ्याकडं बघत नव्हता, आणि मनिषाकडं तर नाहीच.

"गीता, पोरीचं सामान बांधायला लाव. अशी बेफिकीर पोरगी उद्या कुणासमोर काय बोलंल, भरवसा न्हाई. आन् डाक्टर," अण्णांनी कागदाची घडी घातली, "पाल थंडीनं मेली. दाखला करून ठेवा. कुणी विचारलं तर असू द्यावा."

वैष्णवी उठून तिच्या खोलीत गेली. तिनं दार लावून घेतलं.

७

पाचला पाच मिनिटं कमी असताना मी स्टँडवर पोचलो. पिकअपमध्ये सहा-सात बाया, पोतडी, एक शेळी. मागच्या कडेला मनिषा बसली होती. मांडीवर कपड्यांची पिशवी. पुस्तकं तिनं सोबत घेतली नव्हती. मुकादम खाली उभा राहून फोनवर कुणाला तरी सांगत होता की पोरगी येतेय, अजिनाथला दाढी करून ठेवायला सांगा.

मी मुकादमाला म्हणालो, परीक्षा पंधरा दिवसांवर आहे. पोरगी माझ्याकडं राहील, माझी बायको आहे घरात.

त्यानं मला खालीवर बघितलं. "तुमच्याकडं? कोण तुमी तिचे? अण्णांचा फोन आलाय डाक्टर, तिच्या बापाला बी गेलाय. तुमाला नोकरी करायची हाय ना वडवणीत?"

मला करायची होती. मुलीचं लग्न व्हायचं आहे माझ्या. मी मागं सरलो.

मनिषानं हे सगळं ऐकलं होतं. ती रडत नव्हती. रडली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मनिषा, मी खरं ते सांगितलं," मी म्हणालो. "तू पाल मारलीस असा डाग घेऊन राहायला नको होतं तुला."

"मी पाया पडत हुते की, सर," ती म्हणाली. "वाकले बी हुते. दोन मिनिटं गप बसायचं हुतं तुमी."

पिकअप सुरू झाली. दवाखान्यात येऊन मी दाखला लिहिला. मृत्यूचं कारण या रकान्यात थंडी लिहिलं आणि खाली सही केली.